रव्याएवढी की पिठाएवढी?

बालमित्रांनो, आज वाचायच्या आधी एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि आईला किंवा आजीला विचारा, "आपल्याकडे जायफळाची पूड आहे का गं?" बहुतेक घरांत उत्तर येईल, "पूड कशाला? अख्खं जायफळ आहे की! लागेल तेव्हा किसून घेते." वेलदोड्याचंही तेच. पुरणात किंवा श्रीखंडात घालायच्या वेळी सोलायचा आणि कुटायचा. कारण विचारलंत तर आजी म्हणेल, "आधी करून ठेवलं की वास उडतो."

आता लगेच दुसरा प्रश्न विचारा. "मग कॉफी?"

कॉफीचा मात्र डबा! त्यात तयार पूड. ती कुठे दळली, कधी दळली, कुणालाच ठाऊक नसतं. गंमत आहे की नाही? आपण मराठी माणसं कॉफीत जायफळ घालतो, तेही ऐनवेळी किसून. पण ज्या कपात ते पडतं, त्या कपातल्या कॉफीला मात्र हा नियम लावत नाही.

पुढे जाण्याआधी एक घोटाळा निस्तरू. बाजारात कॉफी या नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एक गरम पाण्यात किंवा दुधात पूर्ण विरघळते, तळाशी काही उरत नाही. ती दाण्यांची पूड नव्हेच! कारखान्यात आधी कॉफी तयार करतात, तिच्यातलं पाणी काढून टाकतात आणि जे कोरडं उरतं ते बाटलीत भरतात. दुसरी असते खरीखुरी दळलेल्या दाण्यांची पूड. ती पूर्ण विरघळत नाही. चहासारखा तिचा अर्क उतरतो आणि चोथा गाळून टाकावा लागतो. आपण बोलणार आहोत ते या दुसरीबद्दल.

एकदा मी चौथीच्या वर्गात भाजलेले कॉफीचे दाणे नेले होते. डबी बाकाबाकांवरून फिरली, प्रत्येकाने नाक खुपसून वास घेतला. मग एका मुलीने हात वर केला. "बाई, दुकानात दळून मिळते ना? मग हाताने दळत बसायचं म्हणजे वेडेपणाच नाही का?"

प्रश्न झकास होता. खरंच, दहा मिनिटं वाचवणारी वस्तू समोर असताना दांडा फिरवत बसणारा माणूस शहाणा की वेडा? आपण नीट तपासून पाहू.

कॉफीचं फळ असतं साधारण करवंदाएवढं आणि पिकलं की लालचुटूक. त्यात दोन बिया असतात, सपाट बाजूंनी एकमेकींना चिकटलेल्या, शेंगदाण्याच्या दोन डाळिंब्या असतात ना, तशा. क्वचित एखाद्या फळात एकच बी वाढते. तिला चिकटायला कुणी नसतं, म्हणून ती गोल होते. तिला 'पीबेरी' म्हणतात. आपल्या देशातली बरीचशी कॉफी कर्नाटकातल्या कोडगू, चिक्कमगळूरु आणि हासन या जिल्ह्यांत पिकते. चिक्कमगळूरुजवळच्या डोंगरांना बाबाबुदनगिरी म्हणतात. बाबा बुदन नावाच्या सूफी संताने सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि तिथे लावल्या, अशी कथा सांगतात.

वाळलेली कच्ची बी हिरवट असते आणि अशी टणक, की दात लावाल तर दाताचंच काही खरं नाही. तिला कॉफीचा वासही येत नाही. वास येतो तो भाजल्यावर. साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की दाणे लाह्यांसारखे तडतडतात, फुगतात, तपकिरी होतात. शंभर ग्रॅम कच्चे दाणे भाजून ८० ते ८५ ग्रॅमच उरतात, पण दिसतात मात्र जास्त! कारण आतून ते पोकळ, ठिसूळ झालेले असतात. दाण्यात लाखो बारीक बारीक कप्पे असतात. त्यांत भाजताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वायू कोंडलेला असतो आणि सोबत वासाची द्रव्यं. भाजलेल्या कॉफीत अशी आठशेहून जास्त द्रव्यं शास्त्रज्ञांनी शोधून काढली आहेत.

म्हणजे अख्खा दाणा ही एक झाकण लावलेली डबी झाली. दळलं, की सगळ्या कप्प्यांची झाकणं एकदम उघडतात. कॉफी दळताना घरभर घमघमाट सुटतो, तेव्हा आपण म्हणतो, "वा, काय वास आहे!" पण जरा विचार करा. घरात पसरलेला तो वास कॉफीतून निघून गेलेला आहे. कपात तो पुन्हा येणार नाही. शिवाय उघड्या पडलेल्या कणांना हवेतला ऑक्सिजन लागतो आणि त्यातलं तेल हळूहळू खवट व्हायला लागतं. हवाबंद डब्यात अख्खे दाणे काही आठवडे चांगले राहतात. पूड मात्र थोड्याच दिवसांत मलूल होते.

ताजी पूड ओळखायची एक खूण सांगते. तिच्यावर गरम पाणी ओतलं की ती फसफसून वर येते, बुडबुडे येतात. कोंडलेला वायू बाहेर पडतो ना! शिळी पूड गप्प बसून राहते.

आता जरा गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. बटाट्याचा एक सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा कापा. त्याला सहा बाजू, प्रत्येक एक चौरस सेंटिमीटरची. म्हणजे पाण्याला भिडायला जागा किती? सहा चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे एक एक मिलिमीटरचे तुकडे केले, तर तुकडे होतील १०००, आणि सगळ्यांची मिळून जागा होईल ६० चौरस सेंटिमीटर. आणखी बारीक, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे केले, तर? तुकडे दहा लाख, आणि जागा ६०० चौरस सेंटिमीटर. तुमच्या मोठ्या वहीचं जवळजवळ एक पूर्ण पान! बटाटा तेवढाच, पण पाण्याला भिडणारी जागा शंभर पट. (दहा लाख तुकडे खरेच करायला बसू नका, आई रागावेल.)

पटत नसेल तर दोन पेल्यांत सारखं गार पाणी घ्या. एकात खडीसाखरेचा खडा टाका, दुसऱ्यात त्याच वजनाची पिठीसाखर. कोण आधी विरघळतं ते घड्याळ लावून पाहा.

कॉफीतही हेच घडतं. फक्त एक फरक आहे. साखर सगळी विरघळलेली चालते, कॉफी चालत नाही! भाजलेल्या दाण्याचा साधारण तीस टक्के भाग पाण्यात उतरू शकतो, पण चवदार कॉफीसाठी त्यातला वीस टक्क्यांच्या आसपासच उतरावा, असं जाणकार सांगतात. पाणी आधी आंबट चवी काढतं, मग गोडसर आणि शेवटी कडू, तुरट. लवकर थांबलं तर कॉफी आंबट आणि पाणचट. उशिरा थांबलं तर कडूजहर. आणि पाणी किती लवकर काम उरकणार, हे ठरतं दळण किती बारीक आहे त्यावर.

म्हणूनच निरनिराळ्या देशांत निरनिराळं दळण लागतं. इंग्रजी पुस्तकांत त्यासाठी आकडे आणि तक्ते असतात. आपल्याला त्यांची गरजच नाही, कारण आपल्या स्वयंपाकघरात दळणाच्या आकारांना शब्दच शब्द आहेत! भरड, लापशीचा रवा, जाडा रवा, बारीक रवा, पीठ, वस्त्रगाळ. आजीला यातला फरक दोन बोटांच्या चिमटीत कळतो.

मग बघा. काचेच्या भांड्यात कॉफी चार मिनिटं भिजत ठेवून वरून जाळी दाबायची एक पद्धत आहे. तिथे पाणी बराच वेळ दाण्यांबरोबर राहतं, म्हणून दळण लापशीच्या रव्याएवढं. दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीला बारीक रव्याएवढं. आणि तुर्कस्तानात? तिथे वस्त्रगाळ पीठ! पितळेच्या उभ्या नळकांड्यासारख्या गिरणीत दाणे दळतात, लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात पाण्याबरोबर उकळतात आणि न गाळताच कपात ओततात. गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरची कॉफी प्यायची. तिथल्या या कॉफी-परंपरेला २०१३ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तुर्की भाषेत सकाळच्या न्याहारीला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच 'कॉफीच्या आधीचं' असा आहे.

कॉफीचं मूळ गाव इथिओपिया. तिथे आजही पाहुण्यांसमोर दाणे भाजतात, भाजलेल्या दाण्यांचा धूर सगळ्यांना हुंगायला देतात आणि मग लाकडी उखळात कुटतात. एकाच चोथ्यावर तीनदा कॉफी होते, आणि तिन्ही फेऱ्यांना वेगवेगळी नावं आहेत. पाहुण्याने घाई केलेली तिथे बरी दिसत नाही.

आता हाताने फिरवायच्या गिरणीकडे वळू. ती म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपलं जातंच आहे! जात्यात खालचा दगड स्थिर, वरचा फिरतो, दाणे मधल्या फटीत चिरडले जातात आणि कडेने पीठ पडतं. कॉफीच्या गिरणीत एक खाचा असलेलं कडं स्थिर असतं आणि त्याच्या आत एक खाचांचा शंकू फिरतो. फट वर रुंद, खाली अरुंद. दाणा वर फुटतो, मग त्याचे तुकडे खाली सरकत सरकत बारीक होतात. फटीतून निघून जाण्याएवढा बारीक झाला की सुटला बिचारा! एक स्क्रू फिरवून शंकू वरखाली करता येतो. फट कमी केली की पीठ, वाढवली की रवा. आणि जात्याला जशी टाकी लावावी लागते, तशा या खाचाही वर्षानुवर्षांनी बोथट होतात.

गाड्या बनवणारी प्यूजो नावाची फ्रेंच कंपनी आहे ना, तिने पहिली मोटार बनवली १८८९ साली. पण कॉफी दळायच्या हातगिरण्या ती १८४० पासून बनवत होती! पोलादाचे दाते घडवायची तिची जुनी सवय.

"बाई, मग मिक्सर का नाही चालत?" हाही प्रश्न आलाच. मिक्सरमध्ये फट नसते, पातं असतं. ज्याला पातं लागलं त्याचं पीठ, ज्याला नाही लागलं तो तुकडा. एकाच भांड्यात भरडही आणि वस्त्रगाळही! अशा पुडीवर पाणी ओतलं की पीठ झालेल्या कणांतून सगळा कडूपणा उतरतो आणि मोठ्या तुकड्यांतून नुसता आंबटपणा. दोन्ही चुका एकाच कपात. शिवाय मिक्सर बराच वेळ चालवला की भांडं तापतं आणि वास आतल्या आत उडतो. घरात मिक्सरच असेल तर तो दोन-तीन सेकंदच फिरवायचा, थांबवायचा, भांडं हलवायचं, परत फिरवायचा. मग रव्याच्या चाळणीने चाळून जाड तुकडे पुन्हा घालायचे. बऱ्यापैकी जमतं. हो, आणि हातगिरणी स्वस्तातली, डुगडुगणारी असेल, तर तिचाही काही उपयोग नाही. शंकू एका बाजूला कलला की एकीकडे फट मोठी, दुसरीकडे लहान. त्यापेक्षा नीट वापरलेला मिक्सर बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दळण बरोबर झालं की नाही, हे सांगतो कोण? बाई नाही सांगत, फिल्टर सांगतो. बंगळुरू, म्हैसूर, चेन्नईकडच्या घरांत पितळेचा किंवा स्टीलचा दोन मजली डबा असतो. वरच्या डब्याच्या बुडाला सुईच्या टोकाएवढी भोकं. त्यात पूड घालतात, दांडीच्या चकतीने हलकेच दाबतात, उकळलेलं पाणी ओततात आणि झाकण लावतात. पंधरा-वीस मिनिटांत खालच्या डब्यात काळाभोर अर्क थेंब थेंब जमतो. त्याला 'डिकॉक्शन' म्हणतात. मग गरम दूध, साखर, आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून ओतून फेस!

दळण फार बारीक झालं तर भोकं बुजतात. पाणी वर तसंच साचून राहतं, आणि घरातली मंडळी डब्याला टिचक्या मारत बसतात. फार जाड झालं तर पाणी भसकन खाली येतं, आणि डिकॉक्शन दिसतं चहाच्या पाण्यासारखं. मग दुसऱ्या दिवशी स्क्रू पाव फेरा घट्ट किंवा सैल. टेबलाच्या कडेला पकडीने बसवलेली लोखंडी गिरणी आणि तिचा दांडा फिरवणारं घरातलं मूल, हे दृश्य त्या भागातल्या कितीतरी घरांत एकेकाळी रोजचं होतं.

हाताने दळण्यात आणखी एक फायदा आहे, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. अख्ख्या दाण्यात काही लपवता येत नाही! पुडीत येतं. दुकानातल्या पुष्कळ पुडींत चिकरी असते. चिकरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. तिच्याने कॉफी दाट, काळपट होते, आणि ती पडतेही स्वस्त. ही काही चोरी नव्हे. बऱ्याच जणांना ती चव आवडते, आणि आपल्या कायद्याप्रमाणे कॉफी-चिकरीच्या मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापायला हवं. आज घरातलं पाकीट उलटंपालटं करून हे आकडे शोधाच. चोरी म्हणजे काय, तर भाजलेल्या चिंचोक्यांची पूड कॉफी म्हणून खपवणं. तेही घडतं.

चिकरी ओळखायचा सोपा प्रयोग असा. काचेच्या पेल्यात गार पाणी घ्या, वरून चमचाभर पूड हलकेच भुरभुरवा आणि ढवळू नका. कॉफीच्या कणांत तेल असतं, ते वर तरंगत राहतात. चिकरी लगेच बुडायला लागते आणि मागे तपकिरी रेघ सोडते.

तर मग त्या मुलीला उत्तर काय द्यायचं? मी तिला म्हटलं, "तुमच्या घरी कॉफी कशी करतात?" ती म्हणाली, "दुधात पूड टाकून उकळतात, साखर आणि जायफळ घालतात." मी म्हटलं, "मग तुमच्या घरी रोज हाताने दळणं हे थोडं वेडेपणाचंच!" दूध, साखर, जायफळ आणि वर उकळी. एवढ्या गर्दीत ताज्या दळणाचा नाजूक वास कुणाला सापडणार? पण फिल्टर असेल, किंवा घरात कुणी बिनदुधाची कॉफी पीत असेल, तर मात्र पाच मिनिटं दांडा फिरवावाच. फरक इतका आहे की डोळे मिटूनही कळावा.

आता थोडं आईबाबांसाठी. कॉफीत कॅफीन असतं, ते झोप उडवतं. म्हणून पहिलीपासून सातवीपर्यंतच्या मुलांनी कॉफी पिऊ नये, दळावी, असं माझं मत! दोन कपांना वीसेक ग्रॅम दाणे पुरतात. मुलाला मोजू द्या, दांडा फिरवू द्या. संगीतकार बेथोव्हन एका कपाला बरोबर साठ दाणे मोजून घ्यायचा, असं त्याच्या चिटणिसाने चरित्रात लिहिलं आहे, तेव्हा तुमच्या चिरंजीवांनी मोजले तर हसू नका. सुरुवातीला वेळ लागेल, थोडे दाणे उडतील. पण "दे इकडे, तुला नाही जमत" म्हणून गिरणी हिसकावून घेऊ नका. कप हातात आला की मात्र खरं ते सांगा. कडू झाली असेल तर कडू म्हणा. मुलांना खोटं कौतुक लगेच ओळखू येतं, आणि कडू का झाली हे शोधायला त्यांच्याकडे स्क्रू आहे.

गिरणी वापरून झाली की कोरड्या ब्रशने झाडायची. पाण्याने धुवायची नाही, लोखंडी दाते गंजतात. तिच्यात मिरी किंवा गरम मसाला तर मुळीच दळायचा नाही, नाहीतर पुढचे आठ दिवस कॉफीला मिसळीचा वास येईल! चोथा पसरून वाळवा आणि कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.

या आठवड्याचा गृहपाठ असा. कॉफी नसेल तर भाजलेले हरभरे चालतील. चार चमचे दाणे मिक्सरमध्ये सलग वीस सेकंद फिरवा. दुसरे चार चमचे थांबत थांबत, हलवत हलवत तेवढाच वेळ फिरवा. (मिक्सरपाशी मोठं माणूस हवंच.) दोन्ही पुडी आधी रव्याच्या, मग मैद्याच्या चाळणीने चाळा. कुठे किती चमचे अडकले, त्याचा तक्ता करा आणि पोस्टकार्डावर लिहून पाठवा. चाळलेल्या हरभऱ्याच्या पिठात गूळ घालून काय करायचं, ते तुम्हाला सांगायला नकोच.